जगाला अक्षरे देणाऱ्यांची गोष्ट कोणी लिहिली?

नगर–मनमाड रस्त्यावर थोडा वेळ उभे राहा. एखाद्या ट्रकच्या काचेवर 786 लिहिलेले हमखास दिसेल. हाच आकडा आपल्या दुकानांच्या गल्ल्यावर असतो, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर असतो, कुणाच्या गाडीच्या नंबरात असतो. बिस्मिल्लाहच्या सगळ्या अक्षरांची बेरीज 786 होते, हे आपण लहानपणीच ऐकलेले असते. हा आकडा लिहावा की लिहू नये, यावर उलमांमध्ये मतभेद आहेत. तो वाद इथे करायचा नाही. मला विचारायचे आहे ते एवढेच, की ही बेरीज होते तरी कशी?

त्या हिशेबाला अबजद म्हणतात. अलिफचा एक, बे चे दोन, जीमचे तीन, दालचे चार. मकतबमध्ये आपण शिकतो तो क्रम मात्र वेगळा आहे: अलिफ, बे, ते, से. मग अबजदचा क्रम आला कुठून? अबजद, हव्वज, हुत्ती, कलमन, सअफस, करशत. इथपर्यंत मोजले तर 22 अक्षरे होतात. आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावर तीन हजार वर्षांपूर्वी राहणाऱ्या फिनिशियन लोकांच्या लिपीतही 22 अक्षरे होती आणि त्यांचा क्रम हाच होता. अरबीतली उरलेली सहा अक्षरे नंतर शेवटी जोडली गेली. फिनिशियन लिपीपासून आरामी, आरामीपासून नबाती आणि नबातीपासून अरबी, असा हा प्रवास आहे. दुसऱ्या बाजूला त्याच लिपीवरून ग्रीकांनी आपली अक्षरे केली आणि ग्रीकांकडून ती रोमनांकडे गेली. आपली ब्राह्मी लिपीही आरामीच्या प्रभावातून घडली असावी, असे बरेच अभ्यासक मानतात. काहींना ते मान्य नाही. ब्राह्मीतून पुढे देवनागरी आणि मोडी आली.

म्हणजे नगरच्या एखाद्या मोहल्ल्यातले पोर सकाळी मकतबमध्ये अरबी वाचते आणि अकरा वाजता शाळेत जाऊन इंग्रजी आणि मराठी लिहिते, तेव्हा त्यातल्या दोन लिप्या नक्की आणि तिसरी बहुधा, एकाच किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांची देणगी असते. या लोकांची गोष्ट आपल्या तरुणांनी वाचावी असे मला वाटते. त्यांच्या मोठेपणाचा अभिमान बाळगण्यासाठी नव्हे. त्यांच्या बाबतीत जे घडले, ते आपल्याही बाबतीत घडत आहे, म्हणून.

दुसऱ्यांनी ठेवलेले नाव

फिनिशियन हे नाव त्या लोकांनी स्वतःला दिलेले नाही. ते ग्रीकांनी ठेवले. समुद्रातल्या शंखगोगलगायींपासून हे लोक जांभळा रंग काढत आणि तो रंग सोन्याच्या भावाने विकला जाई. ग्रीक नावाचा संबंध बहुधा त्या रंगाशीच आहे. शेजाऱ्याने धंदा पाहिला आणि धंद्यावरून नाव ठेवले. आपल्याकडच्या मणियार, तांबोळी, अत्तार, बागवान या आडनावांची गोष्ट याहून फार वेगळी नाही.

त्यांचे एकसंध राज्य कधीच नव्हते. किनाऱ्यावर वेगवेगळी बंदरे होती. टायरला अरबीत आजही सूर म्हणतात, सिडॉनला सैदा आणि बिब्लॉसला जुबैल. मागे डोंगर, पुढे पाणी आणि मध्ये जमिनीची अरुंद पट्टी. देवदाराचे लाकूड भरपूर, पण शेतजमीन तुटपुंजी. म्हणून ते पाण्यावर गेले. सायप्रस, सिसिली, उत्तर आफ्रिका आणि थेट स्पेनच्या अटलांटिक किनाऱ्यापर्यंत त्यांनी वखारी वसवल्या. ट्युनिसजवळचे कार्थेज त्यांनीच वसवले. त्या नावाचा अर्थ साधा आहे: नवे शहर. आपण म्हणू, नवे नगर.

आता या गोष्टीचा दुसरा भाग पाहा. ज्यांनी जगाला लिहायला शिकवले, त्यांचे स्वतःचे लिखाण जवळजवळ काही उरलेले नाही. ते पपायरसवर लिहीत आणि दमट हवेत पपायरस कुजून जातो. दगडांवरचे काही लेख तेवढे टिकले. इ.स.पू. 146 मध्ये रोमने कार्थेज जाळले, तेव्हा तिथली पुस्तके आसपासच्या राजांना वाटून टाकली. मागो नावाच्या कार्थेजी लेखकाचे शेतीवरचे 28 खंड रोमच्या सिनेटने लॅटिनमध्ये उतरवून घेतले, कारण ते उपयोगाचे होते. आज मूळही नाही आणि भाषांतरही नाही. इतरांनी घेतलेले उतारे तेवढे आहेत.

मग या लोकांचा इतिहास जगाला कळला कुठून? ग्रीकांकडून आणि रोमनांकडून. म्हणजे धंद्यातल्या स्पर्धकांकडून आणि युद्धातल्या शत्रूंकडून. त्यांनी लिहिले की हे लोक लबाड आहेत, पोरे पळवतात, स्वतःची मुले बळी देतात. मुलांच्या बळीबद्दल अभ्यासकांचा वाद आजही चालू आहे. लॅटिनमध्ये तर 'प्युनिक इमान' असा वाक्प्रचारच होता आणि त्याचा अर्थ होता बेइमानी. एका अख्ख्या समाजाचे इमान शत्रूच्या भाषेत शिवी होऊन बसले आणि उत्तर द्यायला त्या समाजाचे एक पुस्तक शिल्लक नव्हते.

नगरला समुद्र होता

याचा आपल्या जिल्ह्याशी काय संबंध, असे कुणी म्हणेल. आपल्याकडे ऊस आहे, कांदा आहे, दुष्काळ आहे. समुद्र कुठे आहे? आज नाही. पण एके काळी होता.

फिनिशियन जहाजे आपल्या किनाऱ्याला लागली होती, याला पुरावा नाही. हजरत सुलैमान यांच्या काळी टायरच्या खलाशांची जहाजे ज्या ओफिरला गेल्याचे बायबल सांगते, ते ओफिर म्हणजे आपले सोपारे, असे काही जण हौसेने लिहितात. ते सिद्ध झालेले नाही. अशा दाव्यांच्या मागे लागू नका; आपल्याकडे भक्कम पुरावे पुरेसे आहेत.

नेवाशाचेच बघा. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते हे गाव. 1954 ते 1956 या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन केले. सातवाहन काळाच्या थरांत दोन कानांच्या परदेशी रांजणांचे तुकडे सापडले. रोमन काळात दारू आणि तेल अशाच रांजणांतून जहाजावर चढत असे, आणि या रांजणांचा मूळ घाट फिनिशियनांच्या पूर्वजांच्या, म्हणजे कनानी किनाऱ्याचा मानला जातो. भूमध्य समुद्रावरचा माल प्रवरेच्या काठापर्यंत पोहोचत होता. त्या उत्खननाच्या अहवालावर सांकलियांच्या जोडीने ज्यांची नावे आहेत, त्यांत एक नाव झेड. डी. अन्सारी यांचे आहे. हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे?

हा माल यायचा कसा? कल्याण, सोपारा, चौल ही बंदरे. तिथून घाट चढून जुन्नर. जुन्नरहून पुढे पैठण. आजचा नगर–कल्याण महामार्ग माळशेज घाटातून उतरतो. त्याच डोंगररांगेत जुना नाणेघाट आहे. तिथे सातवाहनांचा शिलालेख आहे आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजणही आहे. आपला जिल्हा या वाटेवर होता.

यातले चौल पुढे थेट नगरचे झाले. मलिक अहमदने 1490 मध्ये बहमनी फौजेचा पराभव करून स्वतंत्र निजामशाही उभी केली आणि 1494 मध्ये भिंगारजवळ नवे शहर वसवायला घेतले. त्या राज्याचे मुख्य बंदर होते चौल. इराण आणि अरबस्तानातले घोडे तिथे उतरत आणि तिथून कापड बाहेर जाई. 1508 मध्ये याच चौलच्या पाण्यात इजिप्तच्या मामलुक आरमाराने दीवच्या मलिक अयाजच्या साथीने पोर्तुगीजांना हरवले आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा त्या लढाईत मारला गेला. पुढच्याच वर्षी दीवला पोर्तुगीज जिंकले आणि समुद्राचा मालक बदलला. यानंतर अरबी समुद्रात व्यापारी जहाज न्यायचे तर पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा लागे. 1570–71 मध्ये मुर्तजा निजामशहाने चौलच्या पोर्तुगीज ठाण्याला महिनोन्महिने वेढा घातला. ते ठाणे पडले नाही. नगरच्या किल्ल्याच्या गोष्टी सांगताना आपण चांदबीबीपाशी थांबतो. समुद्रासाठी नगरने दिलेला हा झगडा कुणी सांगत नाही.

तलवार आणि तराजू

आता मूळ मुद्दा. कॉलेजात, ऑफिसात, फोनवरच्या ग्रुपमध्ये आपल्या तरुणांना एक वाक्य कधी ना कधी ऐकावे लागते: तुम्ही बाहेरचे, तलवार घेऊन आलेले. यावर आपली दोन ठरलेली उत्तरे असतात. एक म्हणजे गप्प बसणे. दुसरे म्हणजे छाती फुगवून सांगणे, हो, आमचे पूर्वज अरबस्तानातून, इराणमधून आले. ही दोन्ही उत्तरे मला चुकीची वाटतात.

पहिले उत्तर चुकीचे आहे, कारण नोंदी वेगळे सांगतात. अल्-मसऊदी हा बगदादचा प्रवासी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इ.स. 916 च्या सुमारास, चौलला आला होता. त्या बंदराला तो सैमूर म्हणतो. राज्य हिंदू राजाचे होते. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, असे त्याने लिहिले. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले व्यापारी त्यांत होते आणि याच मातीत जन्मलेलेही होते. या इथल्यांना तो बयासिरा म्हणतो. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाच्या संमतीने नेमलेला होता. दिल्लीत सुलतान बसायला यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे बाकी होती. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर इस्लाम आला तो तराजू घेऊन, मोसमी वाऱ्यांवर. मोसमी हा शब्दही अरबी 'मौसिम'मधून आपल्याकडे आला. खलाशी, बंदर, लंगर, दर्या, नाखवा हे शब्द कोळीवाड्यातल्या गाण्यांत इतके मुरले आहेत की ते अरबी-फारसी आहेत, हे गाणाऱ्याला सांगावे लागते.

दुसरे उत्तर चुकीचे आहे, कारण वारसा रक्तातून येतो असे ते मानते. खुद्द निजामशाहीकडे बघा. मलिक अहमदचा बाप मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण होता आणि त्याच्या घराण्याचे मूळ पाथरीचे होते. हे सांगणारा फरिश्ता नगरच्या दरबाराला जवळून ओळखणारा इतिहासकार होता. म्हणजे ज्याने नगर वसवले तो मराठवाड्याच्या मातीतला निघतो. आणि त्या राज्याचा सर्वांत कर्तबगार वजीर मलिक अंबर हा इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, मोखा आणि बगदाद पाहून समुद्रमार्गे दख्खनेत आणलेला माणूस. यात 'आतला' कोण आणि 'बाहेरचा' कोण? मलिक अंबर हा आपल्या सागरी व्यापाराचा काळा हिशेबही आहे, हे विसरू नये. जहाजांतून घोडे आणि कापड आले तशी माणसेही विकायला आली. फिनिशियनही गुलामांचा व्यापार करत. अभिमानाने सांगताना हे पान फाडून टाकणे बेइमानी ठरेल.

रक्ताच्या वारशाचा खेळ लेबनॉनमध्येही झाला. विसाव्या शतकात तिथल्या काही ख्रिस्ती विचारवंतांनी म्हणायला सुरुवात केली की आम्ही अरब नाही, आम्ही फिनिशियनांचे वंशज आहोत. तीन हजार वर्षांपूर्वीचे खलाशी आजच्या राजकारणात उतरवले गेले आणि एकाच गल्लीत राहणाऱ्यांमध्ये आणखी एक भिंत उभी राहिली. आपल्यातही शेख-सय्यद आणि बाकीचे, अशी भिंत अजून आहे. बाहेरच्याने भेद केला तर राग येतो, मग घरातल्या भेदाचे काय?

आणखी एक शंका काही जणांच्या मनात येईल. फिनिशियन मूर्तिपूजक होते. त्यांचा देव बआल, ज्याचा उल्लेख कुरआनात हजरत इलियास यांच्या कौमच्या संदर्भात येतो आणि तो नकारानेच येतो. मग त्यांच्याकडून काय घ्यायचे? उत्तर आपल्यासमोर आहे. त्यांनी घडवलेल्या अक्षरांच्या वंशातच कुरआन लिहिला गेला. अकीदा आपली, अक्षरे त्यांची. ज्ञान आणि हुन्नर कुणाकडूनही घेता येतो, हे आपल्या पूर्वजांना कळत होते. समुद्रात चालणारी जहाजे आणि त्यातून शोधायची रोजी, यांना कुरआनाने वारंवार अल्लाहच्या निशाण्यांमध्ये गणले आहे.

पेटीतले कागद

2024 मध्ये आपल्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. अहिल्यादेवी होळकर याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. त्यांच्या नावाचा आदर करायला कुणाची हरकत असण्याचे कारण नाही. त्या आपल्याही आहेत. नाव गेल्याचे दुःख अनेकांना झाले आणि ते खोटे नाही. पण मी स्वतःला एक प्रश्न विचारला: पाटीवर नाव होते, तेव्हा तरी मलिक अहमदबद्दल आपल्याला चार ओळी सांगता येत होत्या का? पाटी सरकार बदलू शकते. लिहिलेले पुस्तक, जपलेला कागद, पोराला सांगितलेली गोष्ट सरकारला बदलता येत नाही. टायर अजून टायरच आहे, सूर नावाने नांदते आहे. हरवली ती तिथल्या जुन्या लोकांची कहाणी, कारण ती त्यांच्या हातची उरली नाही.

निजामशाहीच्या दरबारात ही जाण होती. सय्यद अली तबातबा याने दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहासाठी 'बुऱ्हान-ए-मआसिर' हा इतिहास फारसीत लिहायला घेतला. अबजदच्या हिशेबाने त्या नावातून हिजरी 1000 हे साल निघते, असे अभ्यासक सांगतात. फिनिशियन अक्षरांचा क्रम असा आपल्या शहराच्या इतिहासाच्या मुखपृष्ठापर्यंत आला. पण तो इतिहास फारसीत राहिला, आणि आपण फारसी सोडून चारपाच पिढ्या झाल्या.

म्हणून तरुणांना माझे सांगणे आहे की वंशावळ शोधू नका, कागद शोधा. आपल्या घरात आजोबांच्या पेटीत मोडीतली सनद असेल, मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या इनामाचा कागद असेल, दुकानाच्या जुन्या चोपड्या असतील, निकाहनामे असतील. त्यांचे फोटो काढा, तारीख आणि ठिकाण लिहून ठेवा, आणि मूळ कागद कोरड्या जागी ठेवा. मोडी शिका; राज्याचे पुराभिलेख संचालनालय तिचे वर्ग घेते, आणि नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात मोडी कागद वाचणाऱ्यांची वाट बघत आहेत. कब्रस्तानातल्या जुन्या दगडांवरची अक्षरे पावसाने झिजण्याआधी टिपून घ्या. दमडी मशिदीसमोर सेल्फी घ्यायला हरकत नाही, पण तिच्या दगडावर काय कोरले आहे तेही एकदा वाचा, वाचता येत नसेल तर मौलाना साहेबांना विचारा. मोहल्ल्यातल्या बागवान चाचांना, मणियार आजींना विचारा की माल कुठून यायचा, कोणत्या बाजाराला जायचा, उधारी कशी चालायची. ते मोबाइलवर रेकॉर्ड करा.

आणि हे सगळे मराठीत लिहा. उर्दूत लिहा, तेही हवेच. पण शेजारच्या घरात जे वाचले जाते ते मराठी आहे, आणि आपली गोष्ट शेजाऱ्याला कळायची असेल तर ती त्याच्या आणि आपल्या सामाईक भाषेत असली पाहिजे. प्रत्येक जमातीने एक कपाट आणि एक वही या कामाला दिली, दोन-चार पोरांनी महिन्यातून एक रविवार दिला, तरी पाच वर्षांत नगर जिल्ह्यातल्या मुसलमानांचा असा दस्तऐवज उभा राहील, जो आज कुठेच नाही. त्याला मोठा निधी लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही.

कार्थेजच्या व्यापाऱ्यांकडे जहाजे होती, पैसा होता, अक्षरे तर त्यांच्याच घरची होती. तरीही त्यांचे इमान कसे होते, हे जगाने रोमकडून ऐकले. आपले इमान कसे होते, चौलपासून भिंगारपर्यंत आपण कुणाशी कसा व्यवहार केला, कुणाच्या शेजारी राहिलो, कुणाची जनाजे आणि कुणाच्या अंत्ययात्रा खांद्यावर घेतल्या, हे लिहायचे काम दुसरा कुणी करणार नाही. या रविवारी पेटी उघडा.